न चिकटणाऱ्या कागदामागचा रसायनतज्ज्ञ

जखमेवर लावण्याची पट्टी उघडली की तिच्या पाठीवरचे दोन गुळगुळीत कागद बोटाच्या एका ओढीने निघून येतात. पट्टीवरचा तोच गोंद कातडीला लागला की घट्ट बसतो. कागदाला मात्र तो धरून राहत नाही. याचे कारण त्या कागदावर दिलेला सिलिकोनचा लेप. तो इतका पातळ असतो की एक चौरस मीटर कागदाला सुमारे एक ग्रॅम सिलिकोन पुरते. हा लेप नसता तर किमतीची लेबले, बारकोडच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप आणि सॅनिटरी नॅपकिन या वस्तू ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच निकामी झाल्या असत्या. ज्या शास्त्रज्ञाने सिलिकोन हे नाव दिले आणि त्याच्या रसायनशास्त्राचा पाया घातला, त्या फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी आयुष्याची चार दशके या संयुगांच्या अभ्यासात घालविली. त्या तपश्चर्येच्या अखेरीस त्यांनी जाहीरपणे मांडलेला निष्कर्ष मात्र निराशेचा होता. या शाखेत नजीकच्या काळात काही महत्त्वाची प्रगती होईल, अशी आशा त्यांना वाटत नव्हती.

मँचेस्टर ते म्युनिक

किपिंग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६३ रोजी मँचेस्टरलगतच्या सॅलफर्डमधील हायर ब्रॉटन येथे झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडच्या सेवेत होते, तर आईचे वडील चार्ल्स ॲलन डुव्हाल हे नावाजलेले चित्रकार. योगायोग असा की, याच १८६३ मध्ये शार्ल फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स या दोघांनी सिलिकॉन आणि कार्बन यांचा थेट बंध असलेले पहिले संयुग तयार केले. वाळूत आणि काचेत आढळणारे सिलिकॉन हे मूलद्रव्य. त्यापासून पुढे घडविले गेलेले सिलिकोन हे मानवनिर्मित संयुग. उच्चारात एका स्वराचाच फरक असला, तरी दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत.

मँचेस्टर ग्रामर स्कूलमधील शिक्षणानंतर १८७९ मध्ये किपिंग यांनी त्याच शहरातील ओवेन्स कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८८२ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यानंतर काही काळ त्यांनी मँचेस्टरच्या गॅस खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. पोटापाण्याची सोय झाली होती. मनाला मात्र संशोधनाची ओढ होती. त्या काळी सेंद्रिय रसायनशास्त्राची पंढरी जर्मनीत होती. १८८६ मध्ये नोकरी सोडून किपिंग म्युनिकला गेले आणि अडॉल्फ फॉन बायर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना मार्गदर्शक लाभले ते विल्यम हेन्री पर्किन धाकटे. जांभळा कृत्रिम रंग शोधून रंगउद्योगाचा पाया घालणाऱ्या थोरल्या पर्किन यांचे हे चिरंजीव. गुरू शिष्यापेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठे होते. लवकरच त्यांच्यातील नाते मैत्रीचे झाले आणि पुढे आयुष्यभर टिकले.

हे नाते घरापर्यंत पोहोचले. १८८८ मध्ये किपिंग यांचा विवाह लिली हॉलंड यांच्याशी झाला. लिली यांची एक बहीण पर्किन यांना, तर दुसरी आर्थर लॅपवर्थ या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना दिली होती. अशा रीतीने ब्रिटनमधील तीन आघाडीचे रसायनतज्ज्ञ परस्परांचे साडू झाले. पर्किन आणि किपिंग यांनी मिळून लिहिलेले सेंद्रिय रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८९०च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाले आणि पुढील अर्धशतकभर ते विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. नंतरच्या आवृत्त्यांचे काम किपिंग यांचे केम्ब्रिजमधील रसायनतज्ज्ञ चिरंजीव बॅरी यांनी सांभाळले.

उजव्या-डाव्या रेणूंचा शोध

म्युनिकहून परतल्यावर किपिंग यांनी प्रथम एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात आणि १८९० पासून लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स संस्थेत अध्यापन केले. लंडनमध्ये विल्यम पोप या तरुण सहकाऱ्यासमवेत त्यांनी कापरापासून मिळणाऱ्या संयुगांचा अभ्यास केला. उजवा आणि डावा हात दिसायला सारखे असले तरी एकावर एक तंतोतंत बसत नाहीत. काही रेणूंचीही अशीच जोडी असते. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की अशी उजवी-डावी रूपे निर्माण होतात. ती एकमेकांपासून विलग करणे अतिशय कठीण. किपिंग आणि पोप यांनी कापरापासून तयार केलेली आम्ले या कामी उपयुक्त ठरली.

१८९७ हे वर्ष किपिंग यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले आणि नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे कॉलेज तेव्हा स्वतःची पदवी देऊ शकत नव्हते. तेथील विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. तेथे किपिंग यांनी ३९ वर्षे काढली.

नॉटिंगहॅममध्ये त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न साधा होता. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या अगदी खाली आहे आणि कार्बनप्रमाणेच तेही चार बंध जोडते. मग सिलिकॉनभोवतीही उजवे आणि डावे रेणू घडविता येतील काय? १८९९च्या सुमारास त्यांनी या दिशेने काम सुरू केले. त्यासाठी सिलिकॉनच्या अणूला एकामागून एक चार निराळे कार्बनी गट जोडणे आवश्यक होते. सुरुवातीला हाती असलेली जस्तयुक्त संयुगे हवा लागताच पेट घेणारी होती. १९०० मध्ये फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यार यांनी मॅग्नेशियमच्या साह्याने कार्बनी गट जोडण्याची सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. १९०४ मध्ये किपिंग यांनी ती सिलिकॉनच्या क्लोराइडवर वापरली आणि मार्ग मोकळा झाला. १९०७ मध्ये त्यांना हवा तो पुरावा मिळाला. सिलिकॉनभोवतीही उजवी-डावी रूपे असतात, हे सिद्ध झाले.

नाव चुकले, पण चिकटले

या प्रवासात किपिंग यांना एक वेगळेच कोडे भेटले. कार्बनच्या रसायनशास्त्रात कीटोन नावाचा संयुगवर्ग असतो. त्यात कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये दुहेरी बंध असतो. सिलिकॉनचे असेच संयुग मिळेल, अशी किपिंग यांची अटकळ होती. त्याला त्यांनी सिलिको-कीटोन या कल्पनेवरून सिलिकोन असे नाव दिले. परंतु प्रयोगपात्रात घडले ते निराळेच. सिलिकॉन ऑक्सिजनशी दुहेरी बंध धरून राहीना. त्याऐवजी एका रेणूतील सिलिकॉन ऑक्सिजनच्या मध्यस्थीने शेजारच्या रेणूतील सिलिकॉनशी जोडला जाई, तो पुढच्याशी, आणि साखळी वाढतच जाई. कीटोनशी या संयुगाचे साम्य केवळ कागदावरच्या सूत्रापुरते आहे, हे किपिंग यांच्या लवकरच लक्षात आले. नाव मात्र तोवर रूढ झाले होते.

या साखळ्यांमुळे त्यांच्या अडचणीत भर पडली. त्या काळातील रसायनशास्त्रज्ञाला हवे असत ते स्वच्छ स्फटिक. ठराविक तापमानाला वितळणारे, ऊर्ध्वपातनाने शुद्ध होणारे आणि ज्याचे सूत्र निश्चितपणे लिहिता येईल असे. किपिंग यांना असे स्फटिक मिळत, त्यांचे वर्णन ते काटेकोरपणे करीत. पण त्यांच्याबरोबर पात्राच्या तळाशी तेलकट द्रव आणि गोंदासारखे चिकट गोळे उरत. ते ना स्फटिकरूप होत, ना गाळून शुद्ध करता येत. किपिंग यांच्या लेखी ते प्रयोगातील अडथळेच होते. त्यांनी त्यांची नोंद केली, ते कशाने बनले असावेत याचा अंदाजही बांधला. पण त्यांत मन गुंतविले नाही.

यासाठी त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. हजारो अणूंच्या लांब साखळ्यांचे महारेणू असू शकतात, ही कल्पना हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली आणि ती सर्वमान्य होण्यास आणखी एक दशक लागले. ज्या चौकटीत त्या चिकट गोळ्यांना अर्थ प्राप्त झाला असता, ती चौकटच किपिंग यांच्या उमेदीच्या काळात उपलब्ध नव्हती. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. सेंद्रिय सिलिकॉन संयुगांवरील त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पन्नासच्या वर गेली आणि त्यांतील अखेरचा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीने १९१८ मध्ये त्यांना डेव्ही पदक देऊन गौरविले.

१९३६चे व्याख्यान

१९३६ मध्ये किपिंग निवृत्त झाले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे मानाचे बेकेरियन व्याख्यान देण्याचा बहुमान त्यांना लाभला. सत्तरी ओलांडलेल्या या प्राध्यापकाने आपल्या कार्याचा आढावा घेतला आणि त्याचे मूल्यमापनही स्वतःच केले. कार्बनची संयुगे जितक्या विविध प्रकारे एकमेकांशी क्रिया करतात, त्या मानाने सिलिकॉनची सेंद्रिय संयुगे अगदीच मोजक्या क्रिया करतात. ज्ञात संयुगांची संख्याही अल्प आहे. तेव्हा या शाखेच्या भवितव्याविषयी फार आशा बाळगण्यात अर्थ नाही, असे त्यांचे प्रांजळ मत होते. या मतात कटुता नव्हती. ज्या मापाने त्यांनी आयुष्यभर रसायने मोजली, त्याच मापाने त्यांनी स्वतःचे कामही मोजले, इतकेच.

मात्र त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या काचेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात किपिंग यांचे निबंध दुसऱ्याच हेतूने वाचले जात होते. तेथील फ्रँकलिन हाइड या रसायनतज्ज्ञासमोर काचेच्या तंतूंचा प्रश्न होता. विजेच्या तारांभोवती काचेच्या तंतूंचे आवरण गुंडाळायचे, तर त्यांना बांधून ठेवणारा पदार्थ उष्णतेत टिकणारा हवा. किपिंग यांनी बाजूला ठेवलेल्या चिकट राळेत हाइड यांना नेमके तेच दिसले. काचेप्रमाणे उष्णता सोसणारा आणि प्लास्टिकप्रमाणे वाकणारा पदार्थ. किपिंग यांच्या लेखी जो दोष होता, तोच हाइड यांच्या दृष्टीने गुण ठरला. संयुग क्रिया करीत नाही, म्हणजेच ते जळत नाही, सडत नाही आणि कशाशी जुळत नाही.

१९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यूजीन रोशो यांनी सिलिकॉनवर, तांब्याच्या उपस्थितीत, मिथाइल क्लोराइडचा वायू सोडून मूळ कच्चा माल थेट तयार करण्याची रीत शोधली. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट धरली. १९४३ मध्ये केवळ सिलिकोनच्या उत्पादनासाठी डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या उत्पादनात किपिंग यांनी रुळविलेली ग्रिन्यार पद्धतच कारखान्याच्या प्रमाणावर वापरली गेली. उंचावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इंजिनांतील वीजजोडण्या ओलाव्यापासून वाचविण्यासाठी सिलिकोनचे वंगणासारखे मलम उपयोगी पडले.

सुटण्याचे शास्त्र

कागदावरचा सिलिकोनचा लेप आला तो युद्धानंतर, १९५०च्या दशकात. स्वतः चिकटणाऱ्या लेबलांचा धंदा स्टॅन्टन ॲव्हरी यांनी अमेरिकेत १९३५ मध्येच सुरू केला होता. सिलिकोनचा लेप दिलेला पाठकागद मिळाल्यावर या धंद्याला खऱ्या अर्थाने गती आली. लेपासाठी सिलिकोनच्या लांब साखळ्या द्रवरूपात कागदावर पसरतात आणि प्लॅटिनमच्या अत्यल्प अंशाच्या साह्याने काही सेकंदांत त्या एकमेकींशी सांधून घट्ट जाळे तयार करतात.

गोंद सिलिकोनला का धरत नाही, याचे जुने उत्तर असे होते की, साखळीच्या बाहेरील अंगाला असलेल्या मिथाइल गटांमुळे पृष्ठभागाचे आकर्षण फार कमी असते. हे खरे असले तरी पुरे नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले की, पृष्ठभागाचे आकर्षण सिलिकोनहूनही कमी असलेला फ्लोरिनयुक्त थर गोंदाला सिलिकोनपेक्षा अधिक घट्ट धरतो. फरक पडतो तो साखळ्यांच्या चपळाईमुळे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची साखळी अतिशय लवचिक असते. पट्टी ओढली जात असताना गोंद तिच्यावरून किंचित घसरतो आणि ताण एका जागी साचत नाही.

परंतु गोंद सहज सुटणे हा नेहमीच गुण नसतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे उदाहरण घ्यावे. त्याच्या गुंडाळीत पाठकागदाच्या दोन्ही अंगांना गोंद लागलेला असतो. दोन्ही अंगे सारख्याच सहजतेने सुटली, तर टेप उलगडताना गोंद कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जाईल आणि गुंडाळीचा विचका होईल. म्हणून एक बाजू सहज सुटणारी आणि दुसरी थोडी घट्ट धरणारी लागते. लेबलांच्या कारखान्यातही हाच तोल सांभाळावा लागतो. लेबले कापून झाल्यावर भोवतालची जाळी ओढून काढतात. कागदाची पकड फारच सैल असेल तर जाळीबरोबर लेबलेही निघून येतात. पकड फार घट्ट असेल तर जाळी मध्येच तुटते आणि यंत्र थांबवावे लागते.

हा तोल साधण्यासाठी सिलिकोनच्या लेपात एक पूरक द्रव्य मिसळतात. तेही सिलिकोनच, पण निराळ्या घडणीचे. त्याच्या गाभ्यात प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंशी जोडलेला असतो, म्हणजे रचना वाळू किंवा काचेसारखी. बाहेरून मात्र त्यावर मिथाइल गटांचे आवरण असते. तंत्रज्ञांच्या परिभाषेत ही एमक्यू राळ. लांब, चपळ साखळ्यांच्या मध्ये हे ताठर गोळे बसले की साखळ्यांची हालचाल मंदावते, गोंदाला घसरायला वाव उरत नाही आणि पट्टी ओढण्यास अधिक जोर लागतो. राळेचे प्रमाण थोडे असेल तर फरक किरकोळ असतो. प्रमाण वाढवीत नेले की पकडीचा चढ झपाट्याने वाढतो. ओढण्याचा वेग वाढला की हा परिणाम बराचसा ओसरतो. म्हणूनच कारखान्यात संथ गतीने, मिनिटाला ३०० मिलिमीटर इतक्या वेगाने पट्टी ओढून एक मोजणी करतात आणि यंत्राच्या प्रत्यक्ष वेगाला दुसरी. संथ चाचणीवर विसंबून ठरविलेले प्रमाण धावत्या यंत्रावर फसू शकते.

उलट दिशेने, म्हणजे पकड आणखी सैल करण्यासाठी, जाळ्यात न सांधणारे सिलिकोनचे तेलही लेपात मिसळता येते. त्याचा धोका असा की, ते तेल हळूहळू गोंदावर चढते आणि त्याचा चिकटपणाच मारते. पट्टी कागदावरून सुरेख सुटते, पण नंतर जेथे चिकटायची तेथे चिकटत नाही.

या कथेतील सर्वांत विलक्षण बाब अशी की, हीच एमक्यू राळ सिलिकोनच्या साखळ्यांत भरपूर प्रमाणात मिसळली की तयार होतो तो चक्क गोंद. उच्च तापमानात वापरायच्या टेपवर आणि कातडीवर लावायच्या काही वैद्यकीय पट्ट्यांवर तो वापरला जातो. एकाच कुळातील द्रव्ये, एकाच पद्धतीचे बंध; मिश्रणाचे प्रमाण बदलले की न चिकटणारा लेप चिकट होतो. किपिंग यांच्या पात्रात कधी तेल उरे, कधी गोंद, आणि त्यांना त्यात अशुद्धता दिसे. त्या तेलापासून गोंदापर्यंतच्या पट्ट्यात हवी ती जागा निवडणे, हाच पुढे एका उद्योगाचा व्यवसाय झाला.

अखेरचा काळ

किपिंग यांनी घडविलेल्या कॉलेजला त्यांच्या हयातीतच वेगळे रूप आले. औषधविक्रीच्या व्यवसायात नाव कमावलेल्या जेसी बूट यांच्या देणगीतून नॉटिंगहॅममध्ये नवी वास्तू उभी राहिली आणि १९२८ मध्ये बूट यांच्या नावाच्या रसायनशास्त्राच्या अध्यासनाचे पहिले मानकरी किपिंग ठरले. १९४८ मध्ये या कॉलेजला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी, १ मे १९४९ रोजी, वेल्सच्या किनाऱ्यावरील क्रिकिएथ येथे वयाच्या ८५व्या वर्षी किपिंग यांचे निधन झाले. तोवर सिलिकोनचे कारखाने सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. घरोघरच्या पट्ट्यांपर्यंत आणि लेबलांपर्यंत त्याचा झालेला प्रसार मात्र त्यांना पाहता आला नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीने सिलिकॉन रसायनशास्त्रातील कामगिरीसाठी १९६०च्या दशकात सुरू केलेल्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

किपिंग यांचे भाकीत चुकले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते ज्या नोंदींमुळे खोटे ठरले, त्याही त्यांच्याच होत्या. जे आपल्याला नको होते, ते कसे तयार झाले आणि कसे दिसले, हे त्यांनी चाळीस वर्षे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. फसलेला प्रयोग वहीतून वगळण्याचा मोह त्यांनी आवरला नसता, तर कॉर्निंगमधील त्या तरुणाला वाचायला काही उरलेच नसते. पट्टीच्या पाठीवरचा कागद सोलून आपण केराच्या टोपलीत टाकतो. किपिंग यांनीही पात्राच्या तळाचा तो गोळा टाकून दिला असेल. त्याची नोंद मात्र टाकून दिली नाही.